द्विकर्मक

रास्ता पेठेत, टायरच्या दुकानावर,
मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ.
जिन्यात रबराचा वास. वर आठ बाकं
आणि एक पंखा, जो फक्त फळ्याला वारा घालतो.
मी एकतीस वर्षं टपालात, सॉर्टिंगला होतो.
आत काय आहे ते कधी पाहिलं नाही,
कुणाला आहे, एवढंच.
म्हणून असेल, हा धडा मला बरा जमतो.

गिव्ह. सेंड. शो. टीच. टेल.
फळ्यावर लिहितो आणि सांगतो:
या क्रियापदांचं एकावर भागत नाही.
एक वस्तू लागते, एक माणूस लागतो.
आपल्याकडे माणसाला ला चिकटवला की झालं,
मग तो वाक्यात कुठेही बसो.
इंग्रजीकडे ला नाही. तिथे जागा बघतात:
माणूस आधी, वस्तू मागून.
वस्तू पुढे घुसलीच, तर मधे टू उभा करायचा,
रेशनच्या रांगेत हवालदार असतो तसा.

मागच्या बाकावरून शेलार,
सिक्युरिटीच्या गणवेशात, इथूनच नाईटला जाणारा:
"सर, एक्स्प्लेन मी का चालत नाही?"
नाही चालत.
"पण का?"
मला कुणी एक्स्प्लेन केलं नाही, शेलार. बसा.

वैजयंता तुपे पहिल्या बाकावर.
मगरपट्ट्यात पाळणाघरात कामाला.
वहीत पोरांच्या आयांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या:
गिव्ह हिम मिल्क.
गिव्ह हर द सिरप आफ्टर टू.
हा टू घड्याळातला, हे तिला न सांगता कळलेलं.
दिवसभर देणारी तीच,
आणि एकाही वाक्यात तिचं नाव नाही.

घरचा अभ्यास, पाच वाक्यं, भूतकाळ.
माय मदर टॉट मी भाकरी. चालेल.
आय शोड माय सन द रिव्हर. वा, द सुद्धा.
आणि पाचवं:
दे गेव्ह मी हडपसर.

लाल पेन तसंच वर राहिलं.
तिला काय म्हणायचंय ते मला कळतं.
परिंच्याची पोर, एकोणिसाव्या वर्षी हडपसरला दिली,
जशी तिची आत्या सासवडला दिलेली, बहीण लोणंदला.
मला हडपसरला दिलं:
तिलाही ला, गावालाही ला,
एकाच शिक्क्याचे दोन ठसे,
आणि क्रियापद अंग चोरून नपुंसकात.

पण इंग्रजीत ती लिहून बसली होती
की हडपसरच तिला दिलं.
अख्खं. गाडीतळ, भाजी मंडई,
उड्डाणपुलाखालचा दुपारचा अंधार,
कालवा, त्यात वाहत आलेल्या चपलांसकट,
ग्लायडरचं मैदान.
सासरे, आणि दारातली त्यांची खुर्ची.

"चुकलं का, सर?"
टू राहिला, म्हणालो. दे गेव्ह मी टू हडपसर.
तिनं पेन्सिलीनं बारीक टू घातला.
वही जरा लांब धरून पाहिलं.
"म्हणजे वस्तू मी."
हो.
"आणि नाही घातला तर?"
तर वस्तू हडपसर.
ती खोडरबर शोधू लागली.
शेलारनं दिला. शेलार गेव्ह हर,
मी मनातल्या मनात त्याला बरोबरची खूण केली.

मार्क कापला नाही. दिलाही नाही.
वही बंद करून परत केली,
पत्ता अपुरा असला की करायचो तशी.

बस नऊ-वीसला आली. मी पुलगेटपर्यंतच,
तिच्या मागे दांडी धरून उभा.
कंडक्टरनं चिमटा वाजवला.
तिनं रुमालाची गाठ सोडून सुट्टे मोजले
आणि रोज म्हणते तसंच, वर न बघता म्हणाली,
"एक हडपसर द्या."