अठरा अंश

सकाळी साडेआठलाच केगावचा डांबरी रस्ता मऊ होतो.
स्कूटीचं स्टँड रुततं, मी खाली फरशीचा तुकडा ठेवते.
आत शेकर फिरतोय.
फ्लास्कमध्ये गढूळ पाणी, त्यात अब्जावधी जिवाणू,
आणि प्रत्येकाच्या पोटात मी सरकवलेली
एक परकी ओळ.

वाचतात बिचारे. कशाला, म्हणून विचारत नाहीत.
सदतीस अंशांवर तर धपाधप वाचतात,
चार तासांत पेशी गच्च.
मग मी त्या फोडते, सेंट्रिफ्यूज लावते,
आणि नळीच्या तळाशी बसलेला असतो
पांढरा, खडूसारखा, हट्टी गोळा.
सगळं प्रथिन त्यात.
वरचं पाणी स्वच्छ. वरचं पाणी रिकामं.

सात वेळा.
तारखा वहीत आहेत, शेवटच्या दोनपुढे नुसती रेघ.

युरियात विरघळतो तो गोळा, हो.
पण तेव्हा प्रथिन पार उलगडतं,
आपली घडी विसरतं.
युरिया काढला की पुन्हा खडू.

नानांना सांगितलं, अशोक चौकातल्या घरी,
यंत्रमाग थांबल्यावरही कानात थोडा वेळ
माग चालूच राहतो, त्या वेळात.
म्हणाले, वेग कमी कर.
मी म्हटलं, नाना, हा माग नाही.
"नसंल. वेग तर हाय ना?"
आणि आईकडे तेलुगूत चहा मागितला.

चिडले मी. कारण पुस्तकातही तेच होतं:
तापमान उतरवा, अठरावर न्या, रात्रभर ठेवा,
दुमडायला सवड द्या.
पुस्तक लिहिणारा मे महिन्यात सोलापुरात नसावा.
बाहेर त्रेचाळीस,
आणि आमचा शेकर सव्वीसच्या खाली उतरेना.

इरण्णा मेंगाणे, लॅब अटेंडंट, म्हणाला,
"स्टोअरमंदी जुना पाण्याचा शेकर हाय की. किती पायजे? अठराच ना?"
संध्याकाळी मोटारसायकलच्या टाकीवर
गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी,
मांडीपर्यंत भिजलेली पँट.

इंड्यूसर दहावा हिस्सा टाकला.
दर अर्ध्या तासानं एक ढेकूळ, मग थर्मामीटर.
एकोणीस. सतरा. अठरा.
दोन वाजता इरण्णानं विचारलं,
"किडे गारठून मरायचे नाहीत का, मॅडम?"
"नाही. हळू होतील फक्त."
"आन करतात काय हे?"
"विंचवाच्या विषाला धरून ठेवेल असं काहीतरी."
तो काही बोलला नाही.
चप्पल काढली, डाव्या पायाचा अंगठा दाखवला.
"सहावीत होतो. बोरामणीला."
आणि बर्फ फोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी जेल निळी रंगवली, धुतली,
पुन्हा धुतली.
गोळ्याच्या रांगेत जाड पट्टा, नेहमीसारखाच, निर्लज्ज.
शेजारी, पाण्याच्या रांगेत,
त्याच उंचीवर,
काहीतरी.
मी दिव्यावर धरली, डोळे चोळले, खिडकीशी नेली.

नानांना फोन लावला.
उचलला, पण मागांच्या खडखडाटात
"कोण? कोण?" एवढंच म्हणत राहिले.

इरण्णा मात्र वाकून बघत होता, बराच वेळ.
"शिस्पेन्सिलीनं वढल्यागत दिसतंय."
हो, म्हटलं. तेवढंच आहे.
त्यानं गोणपाट झटकून खांद्यावर टाकलं.
"मग आज दोन लाद्या आणतो."