आतून हाक

जांबोटीच्या दूध संस्थेतला राउटर
मला टिळकवाडीत बसून उघडायचाय.
रात्रीचे सव्वाअकरा. टाकीतलं दूध किती थंड
ते सांगणारा आकडा तासाभरापासून गप्प.

आतला पत्ता तोंडपाठ:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
पण हा पत्ता म्हणजे घरातली हाक,
दर उंबऱ्याआड एक आक्का असतेच.
बाहेर रेशनकार्डावर कन्नडमध्ये तिचं दुसरंच नाव,
तेही एका अक्षरानं चुकलेलं.

आणि बाहेरचा आकडा तरी संस्थेचा कुठाय?
कंपनीनं अख्खा खानापूर तालुका
एकाच दारामागं कोंबलाय.
मी थापा मारतो.
निरोप आत कुणाला द्यायचा, दाराला कळत नाही.
त्याची तरी काय चूक?
आतून कुणी काय विचारलं तेवढं ते टिपून ठेवतं,
त्याचंच उत्तर आत सोडतं.
आगंतुकाला वहीत ओळच नसते.

शेवटी फोन लावला भरमू घाडीला.
“झोपलाईस काय?”
“न्हाई की, दुधापाशीच बसलोय.”
म्हटलं, टेबलावरचा जुना संगणक चालू कर,
ती निळी खूण दोनदा दाब.
पंखा घरघरला. कुत्रं भुंकलं. मग बराच वेळ काही नाही.
“दाबलो.”

जांबोटीहून एक बारीक वाट निघाली,
माझ्या खिडकीपाशी येऊन थांबली.
तिच्यावरूनच उलटा आत गेलो,
अडकलेलं काय ते सोडवलं.
चार अंश. दूध बरं आहे.

“आलास काय?” भरमू विचारतो,
मी दारात चपला काढत असल्यासारखं.