हाती लागणे

मुख्य दाराला सात पायऱ्या आहेत,
म्हणून इशबेल गथ्री मागून येते,
कचऱ्याच्या डब्यांजवळून, मालाच्या लिफ्टनं.
टे नदीवरचं धुकं तिच्या चाकांवर अजून ओलं असतं.
"आले," म्हणते, "पुस्तकांच्या वाटेनं."

पहिल्या दिवशी तिनं रकान्यात एकच शब्द टाकला: अपंगत्व.
दोन लाख चौदा हजार नोंदी.
ती हसली. "आमच्यावर एवढं लिहिलंय,
आणि तुमच्या दाराला एक उतार नाही."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.
म्हटलं, याला वाक्य कळत नाही, तुकडे द्यावे लागतात.
अपंग लिहून थांब, पुढे चांदणी लाव.
अपंगत्व, अपंगांचा, अपंगगृह,
सगळे आपापले प्रत्यय पांघरून येतील.
शब्द तुटका असला की लांब जातो.
ती वळून बघत राहिली.
"हे एकदा माझ्या डॉक्टरला सांग."

आणि घातलं की गर्दी ओसरते.
किंवा घातलं की दार रुंद होतं.
नाही मात्र जपून.
नाहीनं जे गेलं ते दिसत नाही,
काय गेलं तेही दिसत नाही.
"ते शिकवू नकोस," ती म्हणाली,
"ते येतं मला."

ती शोधत होती ग्रिझेल लॅमाँटला,
आजीच्या मावशीला.
तागाची गिरणी, साल एकोणीसशे अकरा, वय चौदा,
उजवा हात पट्ट्यात.
घरात एक फोटो, त्यात शाल खांद्यापासून खालपर्यंत,
ऐन उन्हाळ्यात.

तीन आठवडे आम्ही सभ्य शब्द टाकले.
आजच्या सभांमधले, आजच्या कायद्यातले, धुतलेले.
हाताला काही लागलं नाही.
लागणार कसं?
त्या कारकुनाच्या दौतीत हे शब्द नव्हतेच.

मला ठाऊक होतं काय टाकायला हवं.
तोंडानं म्हणवेना.
मागणीच्या चिठ्ठीमागे पेन्सिलनं लिहिलं,
लुळी, पांगळी, निकामी, थोटी,
आणि चिठ्ठी टेबलावरून सरकवली,
तिच्याकडे न बघता.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मधे एक अनुस्वार.
माझ्या धंद्यातली माणसं शंभर वर्षं
त्या टिंबावर पाय देऊन उभी आहेत.

तिनं स्वतःच टाइप केलं. एकेक अक्षर.
मधे किंवा, किंवा, किंवा.
मग आणि ताग.
मग सालं, नऊ ते चौदा.
तेराशे. एकेचाळीस. सहा.
सहावी नोंद म्हणजे निरीक्षकाचं नोंदपुस्तक,
पान वाकडं, शाई फुटलेली,
आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं:
लॅमंड, जी. थोटी. भरपाई नऊ पौंड, एकदाच.
खाली, दोन वर्षांनंतरची तारीख:
दिवे पुसण्याच्या कामावर घेतली. अर्धा पगार.
तक्रार करते. उद्धट.

"उद्धट," इशबेल मोठ्यानं म्हणाली.
वाचनालयातले चार जण वळले.
"उद्धट!" पुन्हा म्हणाली,
घरी कुणाला तरी पदवी मिळावी तशी.

तक्रारीखाली सही होती.
डाव्या हातानं, नव्यानं शिकलेली,
पुरं नाव, बरोबर स्पेलिंग.

मग तिनं विचारलं,
पुढच्या पोरीलाही हेच शब्द टाकावे लागणार का?
मी नोंद उघडली.
जुना शब्द खोडला नाही, खोडला तर वाट बुजते.
त्याच्या शेजारी लिहिलं: लॅमाँट, ग्रिझेल.
आणखी काय लिहावं सुचेना.
"दिवे," ती म्हणाली. "दिवे घाल."
घातलं.

चार वाजता मालाची लिफ्ट बंद पडली होती.
दुरुस्तीवाला येईपर्यंत दीड तास
आम्ही पुस्तकांच्या ढकलगाडीपाशी बसलो,
मांडीवर त्या पानाची छापील प्रत.
सही डावीकडे उंच सुरू होते
आणि शेवटच्या अक्षरापर्यंत खाली कलत येते.
इशबेलनं तिच्यावरून बोट फिरवलं,
वरून खाली, पुन्हा वर.
"बघ," म्हणाली, "उतार."