दस्ता

नातलीनबाय आली ती फक्त लाकूड घेऊन.
नळी आणि घोडा आचऱ्याच्या चौकीत जमा,
निवडणूक संपेपर्यंत.
पावती तिच्या पाकिटात,
बावतीसच्या मृत्यूच्या दाखल्याशेजारी.
टॉवेलात गुंडाळलेला दस्ता
मनगटात मोडलेला,
आतून वाळवीने पीठ केलेला.
"नवो कर," म्हणाली.
"परवानो आता माझ्या नावार."

तिच्या परसातला फणस वादळात आडवा झाला होता.
त्याचीच फळी, दोन वर्षं माझ्या माळ्यावर वाळलेली,
आधी हळदीसारखी, मग गुळासारखी.
लाकडाची अडचण नव्हती.

मग तिने मोबाइल पुढे केला.
कुवेतवरून पोराने धाडलेला फोटो:
कुठल्याशा बर्फाच्या मुलखातली रायफल,
अक्रोडाचा दस्ता, आणि मुठीपाशी जाळी,
बारीक, एकसारखी,
सुगरणीने कातलेल्या शंकरपाळ्यांची जणू परात.
खाली लिहिलेलं: मेस्त्रीला सांग, अश्शीच.

येते मला जाळी.
बापाने शिकवली, इंचाला सोळा रेघा.
पंगतीत पहिलं पान तिरकं मांडलं
की शेवटच्या माणसापर्यंत सगळी तिरकी,
तसं असतं ते.
बाप म्हणायचा, जाळी खोटं झाकते.
गाठ निघाली, कोर चौकडी.
तडा गेला, कोर चौकडी.
साध्या दस्त्यात सुतार उघडा पडतो.
हे सांगून तो जन्मभर जाळ्याच कोरत राहिला.
पैसे जाळीचे मिळायचे.

टाकाऊ तुकड्यावर हात बसवून पाहिला.
तेराव्या रेघेला कोरणी घसरली.
कुणाला बोललो नाही.

माप घ्यायला जुना दस्ता पुसायला घेतला.
मुठीवर किटाचा थर, तेल, घाम, चुलीचा धूर.
तो खरवडला तर खाली रेघा.
जाळी नव्हे ती.
मासे कापायच्या सुरीने ओरबाडलेलं,
आडवं, उभं, पुन्हा आडवं,
घाईत, किंवा रात्री.

विचारलं तिला.
तिने आधी पाणी मागितलं.
"हात घामान भिजत त्याचे.
डुकराक कधी भियालो नाय.
आवाजाक भियाचो."

तेवीस वर्षं हा माणूस काजूच्या बागेत
माडांच्या शेंड्यांवरून हवेत बार काढत होता
आणि दर बाराआधी डोळे मिटत होता.
आम्हाला वाटायचं, नेम धरतोय.

"आणि तुझे हात?"
तिने तळवे पुढे केले.
फॅक्टरीत काजू फोडून फोडून
चिकाने साल गेलेले, कोरडे ठक्क.
रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन
तिला अजून ओळखत नाही.
"साधोच कर," म्हणाली.
"रेघांत बुरशी बसता पावसात.
कोण ती ब्रशान काढीत बसतलो?"

मग रंधा. मग फुटक्या काचेची धार.
मग पॉलिश पेपर, मग आठ दिवस उंडीचं तेल,
तळहाताने चोळून, तळहात तापेपर्यंत.
बावतीसपेक्षा पाऊण इंच आखूड ठेवला,
गालाची जागा तिच्या गालाखाली आणली.
डाव्या अंगाला एक गाठ होती,
सुपारीएवढी, काळी.
बापाने तिथे नक्की जाळी घातली असती.
माझा हात दोनदा कोरणीकडे गेला.
राहू दिली.

न्यायला आली तेव्हा तिने तो खांद्याला लावला नाही.
आधी कमरेवर घेतला,
मग नाकाशी नेऊन वास घेतला.
अंगठा फिरत फिरत गाठीवर आला
आणि तिथेच थांबला.

फोटो काढला, कुवेतला धाडला.
लगेच उत्तर: जाळी खंय?
तिने एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं,
आसा. फोटोत दिसणा नाय.

पैसे मोजून दिले, वर एक नारळ.
मोडका दस्ता मी चुलीपाशी ठेवला होता.
तो मागून घेतला तिने,
आणि परत त्याच टॉवेलात गुंडाळला.