कोपऱ्यातला शब्द

जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात, खळीने चिकटलेलं
हे एक पान ताहेरअलींना सापडलं.
वही अत्तरवाल्याची, मांडवीपाशी दुकान होतं त्याचं.
पान कुठलं, कुणास ठाऊक.

चार दिवस उशाशी ठेवलं म्हणाले,
मग रावपुऱ्यातून चालत फतेगंजला आले:
'आ तमारा अक्षर छे, यरुशाबेन?'

अक्षरं माझीच.
आलेफ, लामेद, पाय पुढे टाकलेला गिमेल,
फक्त त्याच्या डोक्यावर ठिपका.
असा ठिपका अलिबागच्या प्रार्थनेच्या पुस्तकात नव्हता.
मी मोठ्याने वाचू लागले,
बडोद्याच्या दफ्तरखान्यात
अनोळखी गावांची नावं वाचायचे तशी,
आणि एक शब्द कळेना.

ताहेरअलींनी बशी खाली ठेवली.
'फरी वांचो.'
पुन्हा वाचलं.
'अरे, आ तो अरबी!'

मग न ठरवताच ठरलं.
मी उच्चारायचं न समजता,
त्यांनी समजायचं डोळे मिटून,
एकेक शब्द जिभेवर फिरवत,
खारकेत बी लागते का पाहावं तसा.

तिसऱ्या ओळीत अडखळले.
आलेफ, लामेद, लामेद, हे.
आमच्या लिपीत, आमच्याच कुणाच्या हाताने:
अल्ला.
वर पाहिलं. ते हसत नव्हते.
'आगळ,' म्हणाले.

नऊशे वर्षांपूर्वी, कुठल्याशा शहरात,
एक यहुदी माणूस शेजाऱ्यांचे वाद ऐकून घरी आला असेल,
त्यांचीच पटाशी मागून
आपल्या देवाचं दार नीट बसवायला.
त्याला हात आहे म्हणू नका, असं लिहितो,
सिंहासनावर बसतो म्हणू नका,
एक म्हणा, पण आंबा एक असतो तसा एक नव्हे.
(आंबा मी घातला. पानावर बहुधा डाळिंब आहे,
ताहेरअलींना खात्री नाही.)

एहाद, मी म्हटलं,
लहानपणी डोळ्यांवर हात ठेवून म्हणायचे तसं.
अहद, ते म्हणाले,
आणि चहा गार झाला म्हणून पुन्हा मागितला.

घरी ते गुजराती लिहितात अरबी अक्षरांत.
माझ्याकडे आजोबांची मोडी पत्रं आहेत,
भाषा माझी, ओळ लागत नाही एक.

पान संपलं तेव्हा वाक्य संपलं नव्हतं.
खाली डाव्या कोपऱ्यात
पुढच्या पानाचा पहिला शब्द, खुणेसाठी टाकलेला.
वाचला: वलाकिन.

ताहेरअली बराच वेळ गप्प.
मग टोपी सारखी करत म्हणाले,
गुजरातीत की मराठीत, कळायला मार्ग नाही:
'पण.'