कमी वापरलेली जोडी

शॉनव्हनहून व्हॅल मारीला जाताना
रस्ता एकदाही वळावं की नाही याचा विचार करत नाही.
मागच्या सीटवर माझी पेटी:
कानात बसवायची यंत्रं, मसुराएवढ्या बॅटऱ्या,
मळ काढायचे इवलेसे ब्रश.
अठरा वर्षं या सपाट मुलखात
मी लोकांना ऐकू येईलसं करत हिंडते,
आणि गाडीत बसले की मलाच
ऐकावंसं काही मिळत नाही.

पहिल्या स्टेशनवर कनोलाचा भाव. मसूर कालच्यापेक्षा खाली.
दुसऱ्यावर एक पाद्री ओरडतोय
देव बहिरा असल्यासारखा.
(माझ्या धंद्यातला अनुभव सांगते,
ओरडलं की आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत.)
तिसऱ्यावर ते गाणं, सकाळपासून चौथ्यांदा:
ट्रक होता, ट्रकमध्ये बाई होती,
बाई गेली, ट्रक राहिला.
पुढे दोन बाप्ये
परवा हरलेली हॉकीची मॅच अजून हरतायत.

ग्रॅव्हलबर्गचं फ्रेंच स्टेशन मी सगळ्यात जास्त वेळ ऐकलं.
कळत नसलं की माणसं हुशार वाटतात.
मग त्यांनीही ट्रकवाल्याचंच गाणं लावलं.

सीडीच्या फटीत भाच्यानं, टोबिननं, दोन वर्षांपूर्वी
एक नाणं सारलंय, ते तिथेच आहे.

बंद केला रेडिओ.
मग टायरखालची खडी, आणि माझंच डोकं,
तेच दळण, बारीक, आणखी बारीक.
पाद्री परवडला.

पुन्हा लावला, तर 'घ्या-द्या'चा कार्यक्रम.
कुणाकडे टर्की आहेत, तीन महिन्यांच्या.
कुणाला चौऱ्याण्णवच्या पिकअपचं डावं दार हवंय, फक्त डावं.
मिसेस झकारायस रूबार्ब फुकट देतायत,
पिशवी आपापली आणा.
आणि मग एक म्हातारा आवाज, फोनपासून लांब धरलेला:

एक जोडी आहे विकायची.
कसली जोडी?
काय?
कसली, जोडी कसली?
हो, जोडी. कमी वापरलेली.
आजोबा, वस्तू काय आहे?
हो, चारच्या आत या.

मी हसले. मग हसू तसंच राहिलं तोंडावर,
काढायचं विसरल्यासारखं.
निवेदक एकेक शब्द सुटा करून विचारत होता
आणि म्हातारा म्हणाला,
कानातली यंत्रं. डबीसकट.

एर्डमन व्हीब.
मार्चमध्ये मीच बसवली होती.
नवऱ्याच्या मागे उभं राहून बायकोनं
हळूच काहीतरी बोलायचं, अशी आमची एक चाचणी असते.
बायका बहुतेक नाव घेतात, किंवा लाजतात.
टीना व्हीब म्हणाली, कोंबड्या कोंडल्यास का?
तो वळला नाही.
खिडकीकडे बघत म्हणाला, कोंडल्या,
आणि थोड्या वेळानं, अगदी हळू,
तुझा आवाज असा आहे होय.

बिघाड आहे का त्यात काही? निवेदक.
काय?
बिघाड!
छे. चांगली आहेत. सगळं ऐकू येतं.
फ्रिजसुद्धा.
घड्याळ, फ्रिज, रात्री पाइपातलं पाणी, सगळं.
ऑगस्टपासून डबीतच आहेत.

नंबर सांगा म्हटल्यावर
त्यानं तीन आकडे सांगितले
आणि गाडी उताराला लागली.
खरखर.

गाडी उलटी घेतली चढापर्यंत.
या रस्त्यावर मागून कुणी येत नाही.
तोवर एक बाई बोलत होती,
डावं दार तिच्याकडे होतं, रंग मात्र वेगळा.

इंजिन चालू ठेवून बसून राहिले.
नंबर तसा माझ्या वहीत आहे,
मार्चच्या पानावर, टीनाच्या अक्षरात.
त्याखाली तिनं लिहिलंय:
बराच वेळ वाजू द्यावा.