परतावा

देगलूरच्या पंचायत समितीत, वरच्या मजल्यावर
फंडाचं टेबल माझ्याकडे.
परतावा अग्रिमाची फाइल हिरवी,
ना-परताव्याची तांबडी, आणि तीच नेहमी जाड.

नेलेलं पगारातून परत येतं हळूहळू,
कुणाचे चोवीस हप्ते, कुणाचे छत्तीस.
रोख घेऊन जिना चढून
अजून कुणी आलं नव्हतं.

सायलू नरवाड, हातपंप दुरुस्ती पथक.
बोटांना ग्रीसचा वास. टेबलावर रुमालाची गाठ.
"हे परत घ्या जी मॅडम.
एकोणीस दिवस झाले. मोडले न्हाईत."

कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं:
पत्नी, उजवा गुडघा, शस्त्रक्रिया, नांदेड.

"ह्याच्यावर टॅक्स बसंल का?"
नाही, म्हटलं. आपलाच पैसा आपण उसना नेला
तर त्याला कमाई म्हणत नाहीत.
व्याज तेवढं बुडालं, जितके दिवस बाहेर होता.

तो हसला.
"दवाखान्याच्या फाटकापासून स्टँडपर्यंत
चालत आली बाई. रिक्षा करू दिली न्हाई.
तेच व्याज धरा.
म्हन्ली, चार वर्सांनी रिटायर झालात की
काय खाता, पंपाचे वायसर?"

मोजायचं काम बँकेचं, तरी मी मोजल्या.
पट्टी तशीच, न उसवलेली.
कडेच्या एका नोटेला हळद.

एकरकमी भरता येतं. नियमात बसतं.
चलन लिहिलं, आकड्यात, अक्षरात, तीन प्रती.
पैसे का नेले, याला रकाना आहे.
पैसे का परत आणले, याला नाही.
फॉर्म उलटून मागची बाजूही पाहिली.

"त्यांना एकदा घेऊन या," मी म्हटलं,
"मी बोलते."
"आलीय की. खाली बसलीय.
पहिल्या पायरीवर."

बँक चारला बंद होते.
घड्याळात तीन वीस.
तिन्ही प्रती हातात घेऊन मी त्याच्यामागे उतरायला लागले.

बावीस पायऱ्या.
अकरा वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.
चलनावर माझी सही
अजून व्हायची होती.